आधी तिचा ताप बघ

प्रिय बाळा,

सलाम.

रविवारी तुमच्याकडून निघताना तुझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. तू सव्वासातला आलास, गाडी चुकेल म्हणून मम्मीची घाई चालली होती आणि दारात चपला घालता घालता मी नुसतं "येतो रे" म्हणालो. उरण लाईनला गाड्या कमी, मग नेरूळला उतरून ठाण्याची गाडी पकडायची, तिथून परत कळवा, घरी खारेगावला पोचेपर्यंत दहा वाजून गेले आणि त्या सगळ्या वाटेत मी आणि मम्मी एकमेकांशी चार वाक्यं पण बोललो नसू. फोन करणार होतो पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुझा पण चढतो, म्हणून हे लिहितोय. सावकाश वाच, रात्री बाळ झोपल्यावर वाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, सूनबाईने मला एका शब्दाने काही सांगितलेलं नाही. तिला तर मी लिहितोय हे माहीत पण नाही. मी जे बघितलं तेवढंच सांगतो.

आम्ही न कळवता आलो ही आमची चूक, पण मम्मीने बोंबलाची चटणी केली होती आणि तिला नातीला बघायचं होतं, राहवेना. दार सूनबाईने उघडलं. बाळ कडेवर, केस तसेच बांधलेले, डोळे लाल. मम्मी इतकी वर्षं नर्स होती, तिला हात लावायची पण गरज पडली नाही, तिने दारातूनच विचारलं, किती ताप आहे गं? तर म्हणे काही नाही मम्मी, थोडी कणकण आहे. थर्मामीटर लावला तर एकशे दोन. ओट्यावर सकाळचे कुकर, दुधाचं पातेलं, बाळाच्या बाटल्या, सगळं तसंच पडलेलं, आणि आतल्या खोलीतून तुझ्या कीबोर्डचा आवाज येत होता. गुड फ्रायडेच्या गाण्यांची प्रॅक्टिस. तू हेडफोन काढून बाहेर आलास, आम्हाला सलाम केलास, बाळाची पापी घेतलीस आणि म्हणालास पप्पा बसा, युथची मीटिंग आहे, अर्ध्या तासात आलोच.

तेव्हा पावणेचार वाजले होते.

मम्मीने मुगाच्या डाळीची खिचडी टाकली, मी भांडी घासली, बाळाला घेऊन गॅलरीत उभा राहिलो. सूनबाई आत पडून होती आणि दर पाच मिनिटांनी "पप्पा राहू द्या ना, मी करते" असं म्हणत होती. मला तिचं ते "राहू द्या" ऐकवेना रे. कारण मी ते आधी ऐकलंय. याच घरात, खारेगावच्या याच दोन खोल्यांत, वर्ष दीड वर्ष रोज ऐकलंय, तुझ्या मम्मीच्या तोंडून, आणि तेव्हा मी खरंच राहू दिलं होतं.

तुला आजीचं आजारपण आठवतं का, किती आठवतं मला माहीत नाही, तू बारा वर्षांचा होतास. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, हार्ट कमजोर म्हणून ऑपरेशन करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि ती जी झोपली ती झोपलीच. चौदा महिने. मम्मीच्या तेव्हा तीन शिफ्ट असायच्या. नाईट करून सकाळी साडेआठला घरी यायची ती पर्स ठेवून थेट आजीकडे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला स्पिरिट लावून पावडर लावायची, आणि चादर... ती चादर अशी ताणून बसवायची की हात फिरवला तर कुठे लागू नये. मी एकदा म्हणालो होतो एवढं काय त्या चादरीचं, तर म्हणाली एक सुरकुती राहिली ना तर तिथून कातडी लाल होते आणि मग तिथेच जखम सुरू होते. चौदा महिन्यांत आजीच्या पाठीला एक जखम झाली नाही. ज्यांनी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. मला त्या वेळी कळली नव्हती.

मी कुठे होतो? मी मंडळीत होतो. कंपनी सुटली की वागळे इस्टेटवरून थेट चर्च. मी सेक्रेटरी, हिशेब माझ्याकडे, चावी माझ्याकडे, हार्वेस्टच्या सणातला लिलाव माझ्याकडे, कोणाच्या घरी प्रार्थना, कोणाचं मयत, सगळीकडे मी पुढे. लोक म्हणायचे यांच्यासारखा सेवा करणारा माणूस नाही. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आणि घरी आलं की मम्मी म्हणायची जेवून घ्या, आईंचं झालंय सगळं, राहू द्या तुम्ही.

त्या डिसेंबरातलं मी तुला कधी सांगितलं नाही. आपली कॅरल राउंड असायची, रोज रात्री एक एरिया, आणि लिस्ट मीच बनवायचो. आपलं घर मी शेवटी टाकलं, कारण सेक्रेटरीने आपलं घर आधी घेतलं तर लोक बोलतात. त्या दिवशी आजीने दुपारपासून मम्मीच्या मागे लावलं होतं, मला नवं लुगडं नेसव, पोरं गायला येणारेत. मम्मीने नेसवलं. झोपलेल्या माणसाला नऊवारी नेसवायचं म्हणजे काय काम आहे, विचार एकदा मम्मीला. पाठीला तीन उशा लावून आठ वाजता बसवलं. करंज्या, चिवडा, चहाचं आधण, सगळं तयार. आणि आम्ही कळव्यात, विटाव्यात, एका घरी केक, एका घरी सूप, गाणी, गप्पा, असं करत करत आपल्या दारात आलो तेव्हा एक वाजून गेला होता. आजी बसल्या बसल्या झोपली होती, मान एका बाजूला. सगळे दमलेले, कोणीतरी म्हणालं आजींना कशाला उठवता, आणि मीच म्हणालो हो हो, राहू दे. दारातच छोटी प्रार्थना केली आणि सगळे गेले.

सकाळी चहा पाजताना तिने मला विचारलं, "राती पोरं आली नव्हती का रं?"

मी म्हणालो, आई आलो होतो, तू झोपली होतीस.

"उठवायचं की मंग."

एवढंच बोलली, चिडून पण नाही. दुसरा नाताळ तिला मिळाला नाही, जूनमध्ये पहिल्या पावसातच गेली. आजही कॅरल सुरू झालं की मला ती उशांना टेकलेली मान दिसते. मी चाळीस घरी जाऊन ख्रिस्त जन्मला म्हणून गाऊन आलो आणि माझ्या आईला नाही ऐकवलं.

आता लेंट चालू आहे, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, तर मी रोज मार्क वाचतोय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान, सोळाच अध्याय, पण या वेळी वाचताना पहिल्याच अध्यायात अडकलो. प्रभू कफर्णहूमच्या सभास्थानात शिकवतो, तिथे भूत लागलेल्या माणसाला बरं करतो, सगळीकडे नाव होतं. आणि मग? सभास्थानातून निघाले ते थेट शिमोनाच्या घरी. तिथे शिमोनाची सासू तापाने पडली होती. प्रभू तिच्याजवळ गेला, हात धरून तिला उठवलं आणि ताप गेला. गाव सगळं दारात जमलं ते नंतर, सूर्य मावळल्यावर. आधी घरातला ताप, मग गावाचे रोगी. हे मी आयुष्यात पन्नास वेळा वाचलं असेल, संडे स्कूलला शिकवलं पण आहे, पण क्रम कधी बघितला नव्हता. तसंच ते याईराच्या मुलीचं. मेलेली पोर उठवली, बघणारे थक्क झालेत, आणि प्रभू काय सांगतो तर तिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला पोरीची भूक आठवते. याला काळजी म्हणतात बाळा.

आणि सातवा अध्याय तर मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. कुर्बान. लोक आईबापाला सांगायचे की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते मी देवाला अर्पण केलंय, म्हणजे आता तुमच्यासाठी काही करायला मी मोकळा नाही. प्रभूने त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही तुमच्या रिवाजापायी देवाचं वचन रद्द करता. बघ, देवाचं नाव घेऊन घरच्यांचं देणं बुडवायची ही पद्धत तेव्हापासूनची आहे. मी पैसे नाही बुडवले, वेळ बुडवला. संध्याकाळी बुडवल्या. आईच्या आणि तुझ्या मम्मीच्या वाट्याच्या संध्याकाळी मी चर्चला अर्पण केल्या आणि ते अर्पण देवाने मागितलंच नव्हतं.

तू म्हणशील पप्पा, मग मी कीबोर्ड सोडू का, सेवा सोडू का. नाही रे. तू वाजवतोस तेव्हा मला केवढा अभिमान वाटतो तुला माहीत नाही. तुझ्या बोटात देवाने दिलेलं आहे. पण त्या दिवशी तुझ्या जागी दुसऱ्या कोणी गिटारवर प्रॅक्टिस घेतली असती तर मंडळीचं काही अडलं नसतं, तुझ्या बायकोच्या जागी घरात मात्र दुसरं कोणी नव्हतं. एवढा एक फरक बघत जा. तुमच्या लग्नात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला होता ना, लोक त्यातलं बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं तेवढंच लक्षात ठेवतात. घरी जाऊन मोजून बघ, बायकांना सांगितलंय तीन वचनांत आणि नवऱ्यांना जवळजवळ नऊ वचनं दिलीत, आणि त्यात काय आहे तर ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं दे. स्वतःच्या शरीराचं पालनपोषण करतोस तसं तिचं कर. तुला एकशे दोन ताप असता तर तू भांडी घासत उभा राहिला असतास का?

अजून एक गोष्ट आहे, ती त्या दिवशी मला जास्त लागली. खिचडी खाऊन सूनबाईला जरा बरं वाटलं तर तिने उशीखालून रोझरीची जपमाळ काढली आणि मला बघून पटकन परत ठेवली. मी म्हणालो म्हण ना पोरी, तर म्हणाली नको, यांना आवडत नाही. बाळा, आपण प्रोटेस्टंट, पण ती वसईची आहे, कॅथलिक घरात वाढलीय, तिच्या माहेरी रोज संध्याकाळी सगळं घर एकत्र बसून रोझरी म्हणतं, आपण साखरपुड्याला गेलो तेव्हा तू पण बसला होतास की गुडघ्यावर. तेव्हा आवडलं होतं तुला. लग्नानंतर ती तुझ्यासोबत आपल्या उपासनेला येते, आपली गाणी शिकली, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या घरच्यांना वाईट वाटलं तरी तुझ्या बाजूने उभी राहिली. आणि तापात तिला तिच्या आईने शिकवलेली प्रार्थना उशीखाली लपवावी लागते?

आजी राहुरीकडची, तिच्याकडून मी रेव्हरंड टिळकांची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय. नारायणराव टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत असून संसार मोडला, माहेरच्यांनी धरून ठेवलं, काही वर्षं ती दोघं वेगळी राहिली. पुढे ती त्यांच्याकडे आली तरी सोवळं घेऊनच आली, जेवणखाण वेगळं, पाणी वेगळं. टिळक केवढे रागीट होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण या बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, तिला तिचं पाळू दिलं. आणि मग १९०० साली तिने आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. १९१९ ला टिळक गेले तेव्हा प्रभूच्या जीवनावरचं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते कोणी पुरं केलं तर लक्ष्मीबाईंनी. आजी हे सांगायची तेव्हा शेवटी नेहमी म्हणायची, वढून आणली असती तर बसली असती का लिहीत? आणि सूनबाई तर तुझ्याच प्रभूला मानणारी आहे, तिथे सोवळ्याओवळ्याचा पण प्रश्न नाही. तिच्या हातातले मणी तुला त्रास देत असतील तर तू तुझी प्रार्थना कर शेजारी बसून. दोघांची प्रार्थना एकाच बाळासाठी असेल.

तर मी कधी थांबलो ते सांगतो. त्याच वर्षी, नाताळनंतरच्या लेंटमध्ये, पवित्र गुरुवारची उपासना होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो उतारा मीच वाचला होता, योहान तेरावा अध्याय, लोक म्हणाले फार छान वाचलं. घरी आलो तर मम्मी नाईटला निघायच्या तयारीत, युनिफॉर्म घातलेला, आणि ती खाली बसून घमेल्यात आजीचे पाय धूत होती. रोजच धुवायची, मी कधी बघितलं नव्हतं. बसची वेळ झाली म्हणून तिने नॅपकिन माझ्या हातात दिला आणि म्हणाली एवढे पुसून तेल लावा, मी पळते.

मी आईचे पाय हातात घेतले ते बहुतेक मोठा झाल्यावर पहिल्यांदाच. टाचांना भेगा, अगदी खोल, आतून काळ्या पडलेल्या, अख्खं तारुण्य दुसऱ्याच्या शेतात अनवाणी गेलेलं. डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच. त्या अंगठ्यावर लहानपणी धोंडा पडला होता असं ती सांगायची, ते मी ऐकलं होतं पण नख बघितलं नव्हतं. वजन तर काहीच नाही, चिमणीसारखे पाय. मला भरून आलं, मला वाटलं आता आई काहीतरी बोलेल, आशीर्वाद देईल. तर ती म्हणाली, "पानी गार हाय रं."

मी उठलो, गॅसवर पाणी तापवलं, परत आणलं, परत धुतले. मग पुसून खोबरेल तेल लावलं. तू कोपऱ्यात अभ्यास करत होतास आणि वही बाजूला ठेवून तू बाटली धरायला आलास. आठवतं का तुला? नंतर तू तिला तेविसावं स्तोत्र वाचून दाखवलंस, एका ओळीला अडखळलास तर तिने डोळे मिटूनच पुढची ओळ सांगितली.

ईस्टर झाल्यावर मी सेक्रेटरीपद सोडलं. काही लोक म्हणाले विश्वासात थंड पडला, एकाने तर तोंडावर म्हटलं. पाळक साहेबांनी काही विचारलं नाही, चावी घेतली आणि म्हणाले आईला माझा सलाम सांगा. मला जेमतेम अडीच महिने मिळाले. अडीच महिने मी संध्याकाळी सहाला घरी असायचो, पेज भरवायचो, चादर ताणायला मम्मीकडून शिकलो. मला अजून दिवस हवे होते रे. मम्मीने मला कधी बोलून दाखवलं नाही पण आधीचा तो सगळा काळ ती एकटी होती, माणसांनी भरलेल्या घरात एकटी, आणि ते मला आता भरून देता येत नाही. आता मी तिचे गुडघे शेकतो, औषधाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवतो, तिला आवडतो तसा आलं ठेचून चहा करतो. ती अजूनही म्हणते राहू द्या. मी राहू देत नाही.

तू रागावू नकोस. आणि सूनबाईला जाऊन "पप्पांनी असं लिहिलंय" म्हणून सॉरी बोलू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल. काही बोलूच नकोस. रात्री बाळ उठलं की तू उठ. ऑफिसवरून येताना ऐरोलीला गाडीत बसलास की तिला फोन करून विचार काय आणू. बाटल्या उकळायचं काम तुझ्याकडे घे, पाच मिनिटं पुरतात, मी करून बघितलंय. गुड फ्रायडेला वाजव, जरूर वाजव, आम्ही ऐकायला येऊ, पण बाळाची बॅग तू भर.

शनिवारी आम्ही दोघं येतोय, या वेळी कळवून. सकाळी दहापर्यंत पोचू. बाळ आमच्याकडे ठेवा आणि तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या, ती बरेच दिवस माहेरी गेली नाही, तिला वसईला घेऊन जा, लांब आहे पण एका दिवसात होतं, विहीणबाईंना मी फोन केला तर त्या खुश झाल्या. संध्याकाळी तिच्या घरच्यांसोबत रोझरीला बस. परत यायला उशीर झाला तर चालेल, मम्मी रात्री राहायच्या तयारीनेच येतेय.

चटणीचा स्टीलचा डबा रिकामा झाला असेल तर धुऊन ठेव, मम्मी विचारत होती. आणि त्या थर्मामीटरचा सेल बदल, आकडे नीट दिसत नव्हते.

तुझा,
पप्पा